दोबेकची जट

विख्ना या उपासाच्या दिवसांत गेली. ईस्टर अजून लांब होता, नदीवर बर्फ होता. तेव्हापासून स्नानघरात येणारा प्रत्येक जण मला त्या जावळाबद्दल विचारतो. ती असताना कुणी विचारत नव्हतं, कारण ती फटकन बोलायची. मला तसं जमत नाही. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

माझं नाव पेल्का. सार्नोवच्या गढीत मी स्नानघर तापवतो. दगड लाल करायचे, त्यांवर पाणी मारायचं, वाफ धरली की लोकांना आत घ्यायचं, कुणाला हवे असले तर केस कापून द्यायचे. विख्ना माझी बायको. आमचं मूल जन्मलं आणि गेलं, त्याच आठवड्यात बाईसाहेबांना मुलगा झाला. विख्नाला दूध होतं, म्हणून तिला वरच्या खोल्यांत बोलावलं. तो मुलगा दोबेक. ती त्याची दाई झाली. मूल गेल्याबद्दल ती माझ्यापाशी कधी रडली नाही. वर रडली असेल.

दोबेक चार वर्षांचा असताना राजे वारले. दरबारात त्यांच्या रिकाम्या खुर्चीच्या उजव्या हाताला एक बुटकं, पाठ नसलेलं आसन आणून ठेवलं. विधवेचं आसन. त्यावर विधवा बसली की मुलगा तिचा, गढी तिची, न्यायनिवाडा तिचा. तिनं दुसरं लग्न केलं तर उठायचं. आणि मुलाचं जावळ निघालं तरी उठायचं, कारण सातव्या वर्षी जावळ निघालं की मुलगा बायकांच्या हातातून पुरुषांच्या हातात जातो. जो कात्री चालवतो तो त्या दिवसापासून मुलाचा बाप. मुलगा त्याच्या घरी जातो, मुलाच्या नावानं कारभारही तोच करतो. राजांनी मरताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की जावळ माझा भाऊ रात्सिबोर काढेल. तेव्हा त्यांना इतका ताप होता की विख्नाला ते आई म्हणून हाक मारत होते. पण बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

बाईसाहेब दोमास्लावा त्या आसनावर बसल्या आणि कारभार बरा चालला. एकदा दोन गावं मधमाश्यांच्या एका झाडावरून भांडत आली. बुंधा एका गावात, पोळं धरलेली फांदी दुसऱ्या गावावर. बाईसाहेब म्हणाल्या, "मध अर्धा अर्धा घ्या. पुन्हा आलात तर झाड तोडून माझ्या चुलीत घालीन." पुन्हा कुणी आलं नाही. लोक त्यांना मानायला लागले होते. पण आसनावर बसल्या बसल्या त्या दोबेकच्या केसांकडे बघायच्या, ते मी पाहिलंय. केस त्याच्या खांद्यापर्यंत आले होते.

दोबेक सात वर्षांचा झाला तशी रात्सिबोरचा माणूस आला. हिरव्या सणाला, दारांना बर्चच्या डहाळ्या बांधतात त्या दिवशी, धनी येतील आणि जावळ काढतील, असा निरोप त्यानं सांगितला.

त्या शनिवारी बाईसाहेब स्नानघरात आल्या, बरोबर फक्त विख्ना. मी फळ्यांच्या भिंतीबाहेर पाणी ओढत होतो. आतलं बाहेर ऐकू येतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे विसरतात.

"रात्सिबोरला तीन मुलगे आहेत," बाईसाहेब म्हणाल्या. "माझा चौथा. त्या तिघांना राज्य कमी पडतंय. त्यांच्यात माझं पोर किती टिकेल, सांग."

"आणि तुम्ही?"

"मला मठ. खोलीसुद्धा ठरवून ठेवलीय म्हणे त्यानं. खिडकी उत्तरेला."

"मेला," विख्ना म्हणाली. दगडांवर पाणी मारल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाईसाहेब, पोराला जट आली तर?"

जटेला आमच्याकडे कुणी लोखंड लावत नाही. केस आपोआप गुंतून गठ्ठा झाला, तर तो अंगातला आजार बाहेर आलेला असतो. कापला तर आजार परत आत जातो आणि डोळे घेऊन जातो. आमच्या गावच्या कुंभाराचे असेच गेले. जट आपोआप गळून पडेपर्यंत वाट बघायची, मग ती वर्षभर राहो की दहा वर्षं.

"येईल कशी?" बाईसाहेबांनी विचारलं.

"आणायची," विख्ना म्हणाली.

मध, मेण आणि बिअरच्या पिंपाच्या तळचा गाळ. ती तिन्हींचा लगदा करायची आणि दोबेकच्या केसांत चोळून वर लोकरीची टोपी घालायची. टोपी काढायची नाही, विंचरायचं नाही. पहिले दिवस पोराला मजा वाटली. "दाई, मी मेंढा झालो का?" तो विचारायचा.

"मेंढा बरा. मेंढ्याला धुतात तरी," ती म्हणायची.

हिरव्या सणापर्यंत त्याच्या डोक्यावर मुठीएवढी जट झाली.

रात्सिबोर दहा माणसं घेऊन आला. दिसायला देखणा माणूस, हसरा. जावळासाठी चांदीच्या मुठीची कात्री आणली होती. दरबारात सगळे जमले. मी भट्टीसाठी लाकडं आणली होती, दाराशीच थांबलो. बाईसाहेबांनी आपल्या हातानं मुलाची टोपी काढली. पुढे उभे असलेले मागे सरकले.

"वहिनी, हे काय?"

"दिसतंय ते."

"कधीपासून?"

"राजे गेल्यापासून आतल्या आत होतं, आता बाहेर आलं. काढा ना भाऊजी. त्यासाठीच आलात ना? कात्रीही छान आणलीय."

रात्सिबोरनं कात्री उघडली. त्याच्याच माणसांपैकी एक म्हातारा हळूच म्हणाला, "धनी, पोराचे डोळे गेले तर रक्ताचा दोष तुमच्यावर येईल." रात्सिबोरनं कात्री मिटली. जेवला, दोन बोकडांचं मटण खाल्लं, आणि गेला.

त्या दिवशी स्नानघरात बाईसाहेब इतक्या हसल्या की विख्नाला त्यांना धरून बसवावं लागलं. मीही बाहेर हसलो. आम्हाला वाटलं, झालं.

दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी हुकूम दिला की दोबेकनं गढीबाहेर जायचं नाही. बाहेर कुणी त्याचं डोकं धुतलं, कुणी पावसात नेलं, तर जट सुटेल. मग त्यांनी स्वतःचंही जाणं बंद केलं. त्या बाहेर गेल्या आणि आत कुणी मुलाला हात लावला तर? मग विख्नाला. विख्नाची बहीण सुल्का नदीपलीकडे लिप्ये गावात राहते. गढीच्या तटावरून तिचं छप्पर दिसतं. विख्ना दर रविवारी जायची.

"तुला सगळं ठाऊक आहे," बाईसाहेब तिला म्हणाल्या. "बहिणीपाशी तोंडातून काही निसटलं तर?"

"माझ्या तोंडातून? बाईसाहेब, मी दाई आहे, भाटीण नाही."

"जाऊ नकोस."

मला कुणी अडवलं नव्हतं, पण ती नाही तर मी कशाला जाऊ? अशी सगळ्यांची दारं मिटली.

उन्हाळा आला. मध आंबला. टोपीखाली उवा झाल्या, मग फोड, मग फोडांतून पाणी. दोबेक रात्रंदिवस डोकं भिंतीवर घासायचा. एक दिवस तो विख्नाला म्हणाला, "दाई, किडे माझ्या डोक्यात बोलतात." त्याला ताप भरला.

मी विख्नाला म्हटलं, "कापून टाक. मध लावलाय आपण. नुसता मध आहे तो."

"होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो, मध लावला तेव्हा ताप होता का? आता आहे. आपण खोटी आणली, तिच्या जागी खरी येऊन बसली. बोलावल्यावर येणारच ना."

मी वाद घातला नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मीच लाकडाच्या वाटीत मध ओतून दिला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तरी त्या गठ्ठ्याला हात लावायला सांगितलं असतं तर मी लावला नसता. बाईसाहेबही लावत नव्हत्या. त्या मुलाजवळ बसायच्या, त्याचा हात धरायच्या आणि डोक्याकडे बघायच्या नाहीत.

पानगळ सुरू झाली तेव्हा प्रांदोता आले. प्रांदोता म्हणजे राज्यातले सगळ्यात वडील सरदार. कुणाची बाजू न घेणारे, म्हणून कुणालाच न आवडणारे.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "संत मार्टिनच्या दिवशी, हिवाळ्याच्या तोंडावर, सगळे सरदार जमतील. रात्सिबोर म्हणतो, आजारी मुलगा राज्य करू शकत नाही. त्याला शिरस्त्राण घालता येत नाही, शपथ घ्यायला देवळात टोपी काढता येत नाही. आजारी असेल तर गादी माझी, म्हणतो."

"आणि बरा असेल तर?"

"तर जावळ काढायला तो तयार आहे. एक आंधळा भिकारी सापडलाय त्याला. कात्री भिकाऱ्याच्या हातात, वर हात रात्सिबोरचा. दोष लागला तर भिकाऱ्याला लागेल, आणि तो आंधळाच आहे."

"आणि माझा मुलगा?"

प्रांदोतांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"आंधळा राजा चालत नाही ना, प्रांदोता?"

"नाही चालत."

"म्हणजे ठेवली तरी गेला, काढली तरी गेला."

"मी नियम सांगायला आलो," प्रांदोता म्हणाले. "वाट सांगायला नाही. असती तर सांगितली असती."

संत मार्टिनच्या दिवशी सकाळी रात्सिबोर नदीपलीकडे उतरला, त्याच्या घोड्यांचा आवाज आला. विख्ना दोबेकला उचलून स्नानघरात घेऊन आली. सात वर्षांचं पोर, पण तापानं इतकं हलकं झालं होतं की तिनं एका हातावर धरलं होतं.

"पाणी तापवा," ती मला म्हणाली. "आणि मेंढ्यांची कात्री द्या."

"विख्ना."

"द्या हो. त्या मेल्याचा हात याच्या डोक्यावर पडण्यापेक्षा माझा पडू दे."

मी कात्री दिली. बाईसाहेब मागून धावत आल्या, डोक्यावर ओढणी नाही, पायात काही नाही. त्या दारातच थांबल्या. आत आल्या नाहीत.

"विख्ना, थांब. त्याचे डोळे गेले तर मी तुला सोडणार नाही."

"सोडलंय कुठं तुम्ही मला, बाईसाहेब," विख्ना म्हणाली, आणि कापायला लागली.

ते कापणं सोपं नव्हतं. गठ्ठा लाकडासारखा झाला होता. कात्रीच्या आवाजापेक्षा पोराचा आवाज मोठा होता. कापून झालं तेव्हा खालचं डोकं लाल, ओलं आणि लहान दिसलं. जट मी आगीत टाकली. मधाचा वास सुटला, त्याचीच मला भीती वाटली.

दोबेकनं डोळे घट्ट मिटले होते. सगळा उन्हाळा त्यानं ऐकलं होतं की जट कापली की माणूस आंधळा होतो. तो डोळे उघडेना. विख्नानं डोकं धुतलं, चरबी लावली, तरी उघडेना. बाईसाहेब दारातून म्हणाल्या, "दोबेक, राजा, बघ ना इकडे." त्यानं मान हलवली. नाही म्हणाला.

"नको उघडूस," विख्ना म्हणाली. "बरंच झालं. पेल्का उघडा उभा आहे, घामेजलेला, पोट सुटलेलं. असलं काही बघण्यापेक्षा मिटलेलेच बरे."

मी काही उघडा नव्हतो. पण मी म्हणालो, "अगं, पोरासमोर काय बोलतेस."

दोबेकचा एक डोळा किंचित उघडला. मग दुसरा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दाई, तू खोटं बोललीस."

बाईसाहेब तेव्हा कुठं आत आल्या.

दुपारी दरबार भरला. दोबेक बोडक्या डोक्यानं आईच्या शेजारी उभा राहिला, फोडांवर चरबी चमकत होती. रात्सिबोर आंधळ्याचा हात धरून आत आला आणि थांबला. आंधळा विचारत राहिला, "पोर कुठाय? पोर कुठाय?"

"कुणी काढलं?" रात्सिबोर म्हणाला.

"दाईनं," बाईसाहेब म्हणाल्या.

"दाईनं! म्हणजे आता राजांच्या मुलाचा बाप दाई?"

लोक हसले. विख्ना मागून म्हणाली, "मिशा फुटल्या की सांगते, सरकार." लोक आणखी हसले.

प्रांदोता हसले नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "जावळ एकदाच निघतं. ते निघालं, आता दुसऱ्यांदा कुणी काढू शकत नाही. आणि बाई बाप होऊ शकत नाही. म्हणजे मुलगा पुरुषांच्या हातात गेलेला नाही. तो आईच्याच हातात आहे, आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत राहील. मग तो स्वतःचा. तोवर बाईसाहेब आसनावर."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या स्वयंपाक्यानं मला कोपरानं ढोसलं. जिंकलो, असं त्याला म्हणायचं होतं.

रात्सिबोरनं आंधळ्याचा हात सोडला. मग हसला. "मान्य. पण प्रांदोता, बायकांच्या हातातलं मूल गढीच्या दाराबाहेर जात नाही. हाही नियमच ना?"

"हो."

"आसनावरची विधवा मुलाला सोडून जात नाही."

"हो."

"आणि जावळ काढणारा मुलाला सोडत नाही. इथं काढणारी आहे. तिलाही लागू?"

प्रांदोतांनी विचार केला. "लागू," ते म्हणाले.

"तर मग माझी चार माणसं दारासमोर, खंदकावरच्या पुलाजवळ राहतील. तिघांतलं एक जरी दाराबाहेर आलं, तर मुलगा आईच्या हातून सुटला असं मी धरीन आणि घेऊन जाईन. बसा वहिनी. आरामात बसा."

बाईसाहेब बसल्या. विख्नानं माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. जणू पावसानं रस्ता बंद झालाय, उद्या उघडेल.

उघडला नाही. बाईसाहेब न्याय द्यायच्या, पण नदीवरचा पूल पडला तेव्हा तो बघायला गेल्या नाहीत, त्यांचे वडील वारले तेव्हा माहेरी गेल्या नाहीत. दोबेक अंगणात गोल गोल घोडा फिरवायला शिकला. त्या घोड्याला सरळ धावताच येईना. विख्ना तटावर जाऊन लिप्येकडे बघायची. सुल्काचं छप्पर नवं झालं, सुल्काच्या मुलीचं लग्न झालं, ते आम्ही ढोलावरून ओळखलं. सुल्का दाराशी यायची तेव्हा दोघी उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे उभ्या राहून बोलायच्या, आणि पुलावरची माणसं विख्नाच्या पायांकडे बघत राहायची.

"अगं, पाय तरी जवळ घे," सुल्का म्हणायची.

"जवळ घेतला तर राज्य जाईल," विख्ना म्हणायची. आधी हसून म्हणायची. पुढे नुसतंच.

अशी पाच वर्षं गेली. या हिवाळ्यात तिला खोकला लागला. मी तिला वाफ दिली, चरबी चोळली, काही झालं नाही. शेवटी शेवटी ती म्हणाली, "मला लिप्येला पुरा हो. आईशेजारी जागा आहे." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

मी बाईसाहेबांकडे गेलो. त्या तिच्यापाशी आदल्या दिवसापर्यंत बसल्या होत्या, त्यांचे डोळे सुजले होते.

"लिप्येला न्यायचीय," मी म्हटलं.

 "पेल्का, काढणारीनं दाराबाहेर जायचं नाही, असं ठरलंय."

"ती मेलीय, बाईसाहेब."

"मेलेली चालते की नाही, ते ठरलेलं नाही. प्रांदोता असते तर विचारलं असतं. ते गेल्या साली गेले. आता विचारायचं तर रात्सिबोरलाच विचारावं लागेल."

"तिनं तुमचं पोर राखलं."

"म्हणूनच. तिला बाहेर नेली आणि त्यांनी ते दाराबाहेर जाणं धरलं, तर तिनं राखलेलं जाईल."

मला राग आला. आजही आहे. पण मला त्यावर बोलता आलं नाही, आणि विख्ना असती तरी काय बोलली असती, कुणास ठाऊक. आम्ही तिला गढीतच, देवळामागे पुरलं. जमीन दगडासारखी होती. दोन दिवस वर जाळ ठेवला तेव्हा कुदळ आत गेली. दोबेकनं माझ्याबरोबर खणलं. बारा वर्षांचा आहे, पण त्यानं मला विसावा घेऊ दिला नाही आणि स्वतःही घेतला नाही.

मग मी सुल्काकडे गेलो. मला कुणीच अडवत नाही. तिनं मला आंबट पिठाचं सार वाढलं आणि समोर बसली.

"दाजी, तिला तिथंच ठेवलीत?"

"मुलगा पंधराचा होईपर्यंत. मग काढून आणतो. आईशेजारची जागा ठेव."

"तीन वर्षं."

"तीन."

"तुम्ही इथंच राहा ना. माझ्याकडे मधाच्या पोळ्यांच्या कामाला माणूस नाही."

"ती तिथं आहे," मी म्हटलं.  सुल्कानं आणखी सार वाढलं.

परत आलो ते थेट दरबारात गेलो. बाईसाहेब आसनावर होत्या, बाकी कुणी नव्हतं. पाच वर्षांत त्यांची पाठ वाकलीय, त्या आसनाला टेकायला काही नाही. मी म्हटलं, "बाईसाहेब, एवढं ठरवून द्या. दोबेक पंधराचा झाला, की त्या दिवशी मी विख्नाला लिप्येला नेईन. तुम्हीही चला. नदी ओलांडायला होडी मी ठरवतो."

त्यांनी होडी हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा क्षणभर मोकळा झाला, तो मी पाहिला. मग पुन्हा मिटला.

"पंधराचा झाला म्हणजे रात्सिबोर कुठं जाणार आहे, पेल्का? तो तिथंच असेल पुलावर. दोबेकचं आधी लग्न होऊ दे. एखादा मुलगा होऊ दे त्याला. त्या मुलाचं जावळ निघू दे. मग बघू."

दोबेक दारात उभा होता. त्यानं ते सगळं ऐकलं.